गाडी दुरुस्त करावी की बदलावी?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील हे भाषण. वक्ते आपल्याच संस्थेचे ज्येष्ठ सभासद असून औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून मोटार मेकॅनिक व्यवसायाचे शिल्पनिदेशक म्हणून निवृत्त झाले आहेत. सभासदांच्या आग्रहावरून, बोलण्याचे वळण शक्य तितके तसेच ठेवून, ते येथे देत आहोत. – स्मरणिका समिती)



काल इथे सोसायटीच्या २५ वर्षांचा इतिहास सांगून झाला. उद्या आरोग्यावर भाषण आहे. मधल्या दिवशी गाड्यांवर बोला, असं सचिवांनी सांगितलं आणि कारणही सांगितलं. आपल्या ले-आऊटमध्ये सुरुवातीला चारचाकी बोटावर मोजण्याइतक्या होत्या. आज जवळपास प्रत्येक फाटकात एक उभी आहे. आणि त्यातल्या पुष्कळ गाड्या आता बारा, पंधरा, अठरा वर्षांच्या झाल्यात. सकाळी फिरायला निघालो की दर आठवड्याला कोणीतरी थांबवतोच, "सर, मिस्त्रीनं चाळीस-पंचेचाळीस हजार सांगितले. लावू, का इकून टाकू?"

हा प्रश्न दिसतो गाडीचा, पण असतो घराचा. वडील म्हणतात, गाडी अजून उत्तम आहे. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणतो, बाबा, विका ती, भीती वाटते. आई म्हणते, नव्या गाडीच्या हप्त्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होईल. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणून कोण बरोबर हे मी आज सांगणार नाही. हिशेब कसा मांडायचा, तेवढं सांगतो.

पहिली गोष्ट, आपली एक म्हण आहे, चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. गाडीच्या दुरुस्तीची गोष्ट निघाली की ही म्हण हमखास निघते. गाडी विकायला काढली तर ऐंशी हजार येतात आणि मिस्त्री पंचेचाळीस हजारांचं काम सांगतो. लगेच घरात ठरतं, निम्म्याहून जास्त पैसे कशाला घालायचे? विकून टाका.

म्हण चांगली आहे, पण इथे ती फसवते. कोंबडी एकदाच खायची असते. गाडी पुढची तीन-चार वर्षं वापरायची असते. दुरुस्तीचं बिल गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहणं ही विमा कंपनीची रीत आहे. अपघातात दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या जाहीर किमतीच्या ७५ टक्क्यांपेक्षा जास्त झाला की कंपनी गाडी 'टोटल लॉस' धरते, कारण तिला गाडी चालवायची नसते, हिशेब मिटवायचा असतो. आपल्याला गाडी चालवायची आहे. आपला प्रश्न वेगळा आहे: ही गाडी ठेवली तर पुढच्या वर्षात मला किती पडेल, आणि बदलली तर किती पडेल? आजवर तिच्यात किती घातले ते या प्रश्नात येत नाही. ते पैसे गेले. "मागच्याच वर्षी नवे टायर टाकले, आता कशी विकू?" हा विचार जितका चुकीचा, तितकाच "आधीच खूप घातले, आता एक रुपया नाही" हाही चुकीचा.

आता एक उदाहरण फळ्यावर मांडतो. आकडे समजुतीसाठी धरलेले आहेत, घरी जाऊन तुम्ही तुमचे टाका.

समजा, जुन्या गाडीत आज पंचेचाळीस हजार घातले आणि ती आणखी तीन वर्षं ठेवली. दरवर्षी वरचं किरकोळ काम पंधरा हजारांचं निघेल असं धरू. तीन वर्षांत झाले नव्वद हजार, म्हणजे वर्षाला तीस. शिवाय तिची किंमत ऐंशी हजारांवरून चाळीस हजारांवर येईल. ते वर्षाला तेरा. एकूण वर्षाला साधारण त्रेचाळीस हजार.

आता नवी घेऊ. लहान गाडी, सहा लाख. एक लाख रोख, पाच लाख कर्ज, ९ टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता येतो सुमारे १०,४०० रुपये. लोक इथेच थांबतात आणि हप्ता म्हणजे खर्च समजतात. पण हप्त्यातला मुद्दलाचा भाग गाडीच्या रूपात तुमच्याकडे राहतो, खरा खर्च म्हणजे व्याज आणि घसारा. पाच वर्षांचं व्याज होतं सव्वा लाखाच्या आसपास, वर्षाला साडेचोवीस हजार. रोखीने घेतली तरी ठेवीवरचं व्याज बुडतंच. घसारा पाहायचा तर विम्याचं कोष्टक पाहा: सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षात ५० टक्के. म्हणजे सहा लाखांचे पाच वर्षांत तीन लाख. वर्षाला साठ हजार. नव्या गाडीचा विमा जुन्यापेक्षा दहाएक हजारांनी जास्त पडतो असं धरू. बेरीज पंच्याण्णव हजारांच्या जवळ.

"पण सर, नवी गाडी ॲव्हरेज देते ना!" देते. जुनी लिटरला १४ देते आणि नवी २० देते असं समजू. पेट्रोल १०५ रुपये धरू. तुम्ही निवृत्त आहात, गाडी बाजार, लग्नकार्य, महिन्यातून एकदा अमरावती किंवा वर्धा, एवढीच फिरते. वर्षाला चार हजार किलोमीटर. पेट्रोलची बचत होते नऊ हजार. पंच्याण्णवातून नऊ गेले, शहाऐंशी उरले. म्हणजे जुन्या गाडीच्या दुप्पट. मसाला महाग दिसतो, पण कोंबडी बदलणं त्याहून महाग आहे.

आता तेच गणित रोज वर्धेला अप-डाऊन करणाऱ्यासाठी करू. जाऊन-येऊन शंभर-एक किलोमीटर, वर्षाचे अडीचशे दिवस, म्हणजे पंचवीस हजार किलोमीटर. पेट्रोलची बचत होते छप्पन्न हजार. पंच्याण्णवातून छप्पन्न गेले, राहिले एकोणचाळीस. जुनीला त्रेचाळीस पडत होते, आणि इतकी पळवल्यावर तिचं किरकोळ काम पंधरा हजारांत भागणार नाही. इथे गाडी बदलणं परवडतं.

गाडी तीच, बिल तेच, मिस्त्रीही तोच. उत्तर मात्र दोन घरांत दोन आलं. म्हणून शेजाऱ्याने काय केलं ते विचारू नका. आपलं वर्षाचं रनिंग किती, ते आधी लिहा.

एक चांगली बातमी दोन्ही बाजूंनी सांगायची तर, २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आणि सुट्या भागांवरही सरसकट १८ टक्के झाला. त्यामुळे "आता गाड्या स्वस्त झाल्या, घेऊनच टाकू" हे कारण पुरेसं नाही. दुरुस्तीचा मालही त्याच दिवशी स्वस्त झाला.

दुसरी गोष्ट, कोणता खर्च जुनेपणाचा आणि कोणता वापराचा, हे वेगळं करा. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर हे कोणत्याही गाडीला लागतं. नव्या गाडीलाही तिसऱ्या-चौथ्या वर्षी लागतं. हा खर्च जुन्या गाडीच्या माथी मारून तिला बदनाम करू नका.

खरं लक्षण कोणतं? एखादं मोठं बिल हे लक्षण नाही. दोन बिघाडांमधलं अंतर कमी होत जाणं हे लक्षण आहे. पहिल्यांदा रेडिएटर गेला, मग चौदा महिन्यांनी अल्टरनेटर, मग सात महिन्यांनी स्टिअरिंगचा रॅक, मग तीन महिन्यांनी वायरिंग. असं अंतर आकसत चाललं असेल तर गाडी तुम्हाला सांगते आहे. पण हे कळायला नोंद पाहिजे. दूधवाल्याचा हिशेब आपण कॅलेंडरवर लिहितो, गाडीचा का नाही लिहीत? डॅशबोर्डच्या खणात चाळीस पानी वही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती लागले. दोन वर्षांची वही माझ्यासमोर ठेवली तर गाडी न बघता मी निम्मं उत्तर देऊ शकतो.

मिस्त्रीशी बोलायचीही एक रीत आहे. आपल्या आर्वीतले मिस्त्री हुशार आहेत. कित्येकांनी शाळा थोडी पाहिली, पण इंजिनाच्या आवाजावरून दुखणं ओळखतात. ते गाडीवर प्रेम करतात, त्यामुळे विचारलं तर म्हणतील, "काहून इकता जी सर, लय दमदार इंजिन हाय." म्हणून "ठेवू का विकू" हे त्यांना विचारू नका. विचारा, "हे काम केल्यावर वर्षभरात आणखी काय निघेल?" चांगला मिस्त्री खरं सांगतो. काम सुरू करण्याआधी अंदाजपत्रक कागदावर घ्या. काढलेला पार्ट परत मागा. आणि "इंजिन खोलल्यावरच समजेल" असं उत्तर आलं तर खोलण्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजायला अर्धा-पाऊण तास लागतो, पण हजारोंचा निर्णय त्यावर होतो. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन तापल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत राहिला तर कूलंट आत जातंय, हेड गॅस्केट पाहा. काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते बहुतेक वेळा थोडक्यात सुटतं.

आपल्या भागातलं सर्वांत मोठं दुखणं म्हणजे ऊन. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर जातो. त्यात आपण रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी टाकतो. बोअरच्या पाण्यातले क्षार आत साचतात, नळ्या बुजतात, गाडी तापते, हेड वाकतं आणि चाळीस हजारांचं बिल येतं. हजार-दीड हजाराचं कूलंट वेळेवर टाकलं असतं तर "ठेवू का विकू" हा प्रश्न दोन-तीन वर्षं उशिरा आला असता. उन्हाने रबर कडक होतं: बेल्ट, पाइप, बुश. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्या हिशेबाने तयार झाल्यात, आपल्या जुन्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात अशा चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला होता. घाबरून गाडी विकण्याइतकं हे मोठं नाही. पण पेट्रोलचे रबरी पाइप आणि गॅस्केट दरवर्षी बघून घ्या, पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.

उन्हाबरोबर आपल्याला एक वरदानही आहे. हवा कोरडी आहे. कोकणात आणि मुंबईत गाडी खालून गंजते, तशी आपल्याकडे सहसा गंजत नाही. म्हणून आपल्याकडची पंधरा वर्षांची सांभाळलेली गाडी पुष्कळदा समुद्राकाठच्या दहा वर्षांच्या गाडीपेक्षा खालून धडधाकट असते. सेकंडहँड स्वस्तात मिळते म्हणून मुंबईची आणत असाल तर रंगाला भुलू नका. पायदान उचला, जॅक लावायची जागा, दाराखालचा पत्रा, शॉकअप जिथे वर बसतो तो कप, हे बघा.

आता तिसरी गोष्ट, जिथे हिशेबाची वही बंद करायची. काही बाबतींत मी दुरुस्तीचा सल्ला देत नाही, कितीही स्वस्त पडली तरी.

चेसिसला किंवा शॉकअपच्या कपाला गंज लागून भोकं पडली असतील तर वेल्डिंगची ठिगळं लावून गाडी चालवू नका. ती बाजारापर्यंत जाईल, पण ठोकर लागली तर दुमडेल.

ज्या गाडीचे भाग मिळत नाहीत, तिच्यात मोठा खर्च करू नका. मारुती ८०० चं उत्पादन १९८३ मध्ये सुरू झालं आणि २०१४ मध्ये थांबलं, तरी तिचे भाग अजून सापडतात, कारण ती घरोघरी होती. पण काही कंपन्यांनी भारतातला धंदाच गुंडाळला. शेव्हरोलेने २०१७ च्या अखेरीस इथली विक्री बंद केली आणि तळेगावचा कारखाना डिसेंबर २०२० मध्ये थांबला. तळेगाव म्हणजे आपलं श्यामजीपंतांचं नव्हे, पुण्याकडचं दाभाड्यांचं. फोर्डने २०२१ मध्ये उत्पादन थांबवायचं जाहीर केलं. अशी गाडी असेल तर मिस्त्रीला आधी विचारा, पार्ट किती दिवसांत येईल? आठ दिवस म्हणाला तर ठीक. "नागपूरला भंगारात शोधतो" म्हणाला तर विचार करा.

आणि तिसरी बाब म्हणजे सुरक्षितता. मुलगा पुण्याहून जे म्हणतो, ते इथे खरं आहे. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या लोकप्रिय लहान गाड्यांची टक्कर-चाचणी केली. एअरबॅग नसलेल्या त्या गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षिततेत शून्य तारे मिळाले. त्यानंतर नियम बदलले. २०१९ पासून नव्या गाडीत एबीएस आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली, मग शेजारच्या सीटचीही. या गोष्टी जुन्या गाडीत कोणताही मिस्त्री बसवून देऊ शकत नाही. म्हणून गाडी जाते कुठे, हे बघा. मंडई, देऊळ, शेत, तीस-चाळीसच्या वेगात असेल तर जुनी गाडी पट्टा लावून चालेल. पण नातवंडांना मागे बसवून तळेगावहून नागपूरच्या हायवेला नेहमी जात असाल, किंवा विरूळजवळून समृद्धीवर चढत असाल, जिथे बाजूने शंभर-सव्वाशेच्या वेगाने गाड्या जातात, तर तिथे अठरा वर्षांची गाडी नको. इथे माझं गणित बाजूला ठेवा. आणि कोणतीही गाडी असो, समृद्धीवर जाण्याआधी टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही चांगली असो, सहा वर्षांच्या वरच्या टायरवर आपल्या उन्हात तो वेग धरू नका.

चौथी गोष्ट कागदपत्रांची, कारण यात अफवा फार आहेत. "पंधरा वर्षं झाली की गाडी सरकार भंगारात नेते" असा मेसेज आपल्या ग्रुपवरही फिरला. तसं नाही. दहा वर्षं डिझेल आणि पंधरा वर्षं पेट्रोल हा वाद दिल्ली आणि तिच्या भोवतालच्या भागाचा आहे. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी ती वाढवता येते. १ एप्रिल २०२२ पासून कारच्या नूतनीकरणाची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील कारसाठी ती १०,००० केली. पर्यावरण कर वेगळा. आकडे बदलत असतात, म्हणून वर्धेला आरटीओत जाण्याआधी परिवहनच्या संकेतस्थळावर बघून जा. मुदत संपण्याआधी ६० दिवसांत फॉर्म २५ भरता येतो. उशीर झाला तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड लागतो. आणि नोंदणी संपलेल्या गाडीला अपघात झाला तर विम्याचा दावा अडकतो, तो दंडापेक्षा कितीतरी महाग पडतो. आजच घरी जाऊन आरसी काढा आणि त्यावरची तारीख वाचा. पंधरावं वर्ष जवळ आलं असेल तर तो निर्णयाचा चांगला मुहूर्त आहे. त्या तपासणीत पास करायला किती लागेल, हे मिस्त्रीकडून काढा आणि मघाच्या हिशेबात टाका.

विकायचीच ठरली तर नाव बदलल्याशिवाय किल्ली देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० भरून आरसी दुसऱ्याच्या नावावर होईपर्यंत कायद्याच्या नजरेत मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट सांगितलं आहे. गाडी तीन हातांत फिरून अपघात झाला तरी नोटीस तुमच्या दारी येते. भंगारात द्यायची तर चौकातल्या कबाड्याला देऊ नका, नोंदणीकृत स्क्रॅप केंद्राला द्या. ते ठेव प्रमाणपत्र देतात, त्यावर नव्या गाडीच्या नोंदणी फीची माफी आणि करात सवलत मिळते. नोंदणी रद्द झाल्याचा कागद मात्र जपून ठेवा.

इथे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनीची आठवण सांगतो. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ती फियाट-पद्मिनी मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या टॅक्सी म्हणून चालली. तिचं असं काही बिघडत नव्हतं की जे फूटपाथवरचा मिस्त्री दुरुस्त करू शकत नव्हता. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि टॅक्सींच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. यातून मी एवढंच घेतो, की "दुरुस्त होईल का?" हा प्रश्नच नाही. लोखंड आहे, सगळं दुरुस्त होतं. "कशासाठी करायची?" हा प्रश्न आहे.

आणि त्या प्रश्नाचं आपल्या ले-आऊटमधलं सर्वांत जास्त मिळणारं उत्तर मला काळजीचं वाटतं. ज्येष्ठ मंडळी म्हणतात, "फिरत नाही फारसे, पण रात्री-बेरात्री दवाखान्यात जायला दारात गाडी असावी." मुलं पुण्याला, बंगलोरला. इथे दोघंच. सेवाग्राम किंवा सावंगी गाठायचं म्हणजे पन्नासच्या वर किलोमीटर. भावना शंभर टक्के समजते. पण ध्यानात घ्या, महिनाभर न हललेली गाडी नेमकी त्याच रात्री चालू होत नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर बसतात, ब्रेक चिकटतात. म्हणजे ज्या कामासाठी आपण जुनी गाडी ठेवतो, त्याच कामाला ती सगळ्यात कच्ची असते.

म्हणून दोन गोष्टी. पहिली, छातीत दुखत असेल, श्वास लागत असेल तर गाडी काढूच नका, १०८ ला फोन करा. घाबरलेल्या माणसाने रात्री गाडी चालवणं हा दुसरा धोका. दुसरी, अशा कारणासाठी गाडी ठेवणार असाल तर तिला आठवड्यातून एकदा पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणा, आणि बॅटरी तीन-चार वर्षांनी बंद पडायची वाट न पाहता बदला. हेही करणं जमत नसेल, तर खरं उत्तर दुरुस्ती नाही आणि नवी गाडीही नाही. गाडी विका, पैसे बँकेत ठेवा, ओळखीच्या दोन टॅक्सीवाल्यांचे नंबर फ्रिजवर चिकटवा. महिन्याच्या दवाखान्याच्या फेरीला एसटी आहेच. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ती मोफत आहे, ६५ च्या वरच्यांना अर्धी, आणि भगिनींना कोणत्याही वयात अर्धी. वर्षाला चाळीस हजारांच्या टॅक्सी फेऱ्या करून पाहा, संपता संपणार नाहीत.

याच ठिकाणी सोसायटीही कामाची आहे. चार घरं एकमेकांचे नंबर आणि किल्ली ठेवण्याची जागा ठाऊक असणारी असतील, तर प्रत्येकाच्या फाटकात फक्त भीतीपोटी उभी असलेली गाडी लागणार नाही. तरुण सभासदांनी आपली नावं सूचनाफलकावर लावावी, रात्री गाडी काढू शकणाऱ्यांची यादी म्हणून. रौप्यमहोत्सवाचा एवढा एक ठराव झाला तरी मला माझं भाषण पावलं.

शेवटी पैशांची शिस्त. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या उपविधीत सिंकिंग फंडाची तरतूद असते. इमारतीच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी बाजूला टाकायचा, कारण इमारत कधीतरी मोठं काम काढणारच. आपण सभेत यावर तावातावाने बोलतो, पण घरच्या गाडीसाठी असा फंड ठेवत नाही. मग बिल येतं तेव्हा ते दुष्काळासारखं वाटतं आणि रागाच्या भरात गाडी विकली जाते, किंवा लाजेखातर कर्जाची नवी येते. दर महिन्याला दीड-दोन हजार 'गाडी' नावाच्या आवर्ती ठेवीत टाका. दुरुस्ती निघाली तर तिथून, नाही निघाली तर नव्या गाडीची रक्कम जमते. दोन्हीकडून फायदा आपलाच.

आणि हो, मायेची गोष्ट राहिली. काहींच्या गाडीतून लेक सासरी गेली, काहींचा मुलगा पहिल्यांदा नागपूरच्या कॉलेजात पोचवला गेला. तो जीव मी पैशात मोजत नाही. मन म्हणतं ठेवावी, तर जरूर ठेवा. फक्त तो खर्च हौसेच्या खात्यात लिहा, काटकसरीच्या नको. म्हणजे घरात भांडण होणार नाही, आणि आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचे पैसे त्या खात्यात जाणार नाहीत.

 रविवारी सकाळी समाजमंदिराजवळ मी आहे. ज्यांना गाडी दाखवायची त्यांनी आणावी. वही मात्र सोबत आणा, नसेल तर उद्यापासून सुरू करून पुढच्या वर्षी आणा.